प्लॅस्टिकचे लढाऊ विमान आणि इतिहासाचे प्रमाण : डहाणू-तलासरी परिसरातील इतिहास अध्यापनाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, दफ्तरखान्यातील कागदपत्रे आणि अलीकडच्या काळात मौखिक परंपरा यांचा उल्लेख होतो. खेळणे हे इतिहासाचे साधन होऊ शकते, हा विचार आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात सापडलेली मातीची बैलगाडी आपण प्रमाण पुरावा म्हणून वर्गात शिकवितो. परंतु विसाव्या शतकातील खेळण्याकडे त्याच दृष्टीने पाहत नाही. वास्तविक पाहता ज्या समाजाने ते खेळणे घडविले त्या समाजाची तंत्रविद्या, बाजारपेठ, अभिमान आणि विस्मरण या सर्वांच्या खुणा त्या खेळण्यावर उमटलेल्या असतात.

प्रस्तुत शोधनिबंधात अशाच एका खेळण्याचा, म्हणजे जुन्या लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती-संचांचा, इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. एका चौकटीला जोडलेले विमानाचे सुटे भाग, जोडणीचे सूचनापत्रक, पाण्यात भिजवून चिकटवावयाची रंगीत चिन्हे आणि झाकणावर आकाशयुद्धाचे चित्र असलेली पेटी असे या संचाचे स्वरूप असते. भाग सोडवून, घासून, चिकटवून व रंगवून मूळ विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार केली जाते. हा छंद युरोप, अमेरिका व जपानमध्ये मोठा झाला. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध प्रस्तुत लेखिकेला ग्रंथालयात सापडला नाही. तो एका विद्यार्थ्याने वर्गात दाखवून दिला.

उद्दिष्टे

१) प्लॅस्टिक विमान-प्रतिकृती संचांच्या उदयाचा व प्रसाराचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) या संचांतून भारतीय इतिहासाचा कोणता भाग दिसतो व कोणता वगळला जातो, याचा शोध घेणे.
३) डहाणू-तलासरी परिसराच्या स्थानिक इतिहासाशी या साधनाची सांगड घालता येईल काय, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत लेखनासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रत्यक्ष संचाचे निरीक्षण आणि वर्गातील अध्यापनाचा अनुभव यांचाही आधार घेतला आहे. हा अनुभव एका वर्गापुरता मर्यादित असल्याने त्यावरून सर्वसाधारण सिद्धांत मांडण्याचा येथे हेतू नाही.

१. कंगव्यापासून विमानापर्यंत : प्रतिकृती-संचांचा उदय

विमानांच्या लहान प्रतिकृती प्रारंभी लाकडाच्या असत. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये १:७२ हे प्रमाण रूढ झाले. फूट-इंचाच्या हिशेबात मूळ विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच, असे हे सोपे गणित होते. सहा फूट म्हणजे ढोबळ मानाने एक उंच माणूस. म्हणजे या प्रमाणात माणूस एक इंचाचा होतो. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या इंग्रजी कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे संच बाजारात आणले. प्लॅस्टिकच्या विमान-संचांचा आरंभ येथून मानला जातो.

दुसऱ्या महायुद्धाने या खेळण्याचे शस्त्रसामग्रीत रूपांतर केले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देणे आवश्यक होते. त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने आपल्या देशातील शाळांकडे पाच लाख लाकडी प्रतिकृतींची मागणी केली. त्याही १:७२ याच प्रमाणात होत्या. शाळेच्या सुतारकामाच्या तासाला मुलांनी घडविलेली विमाने लष्करी प्रशिक्षणात वापरली गेली. खेळणे आणि युद्ध यांच्यातील अंतर किती कमी असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे स्वस्त व सहज वितळणारे प्लॅस्टिक उपलब्ध झाले आणि या छंदाला व्यापारी रूप आले. या संदर्भात ‘एअरफिक्स’ या कंपनीचा इतिहास लक्षणीय आहे. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या स्थलांतरिताने १९३९ मध्ये ती स्थापन केली. हवा भरलेली रबरी खेळणी हा तिचा पहिला व्यवसाय होता. पुढे कंपनीने इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र घेतले आणि काही काळ ती कंगवे बनविणारी मोठी कंपनी म्हणून ओळखली गेली. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच निघाला. तो वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळत असे. त्यानंतर ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा संच आला आणि पुढील दोन दशकांत हा छंद इंग्लंडमधील घराघरांत पोहोचला. अमेरिकेत रेव्हेल व मोनोग्राम, तर जपानमध्ये तामिया या कंपन्यांनी हीच वाट मोठी केली. फ्रॉगची मालक कंपनी १९७१ मध्ये कोसळल्यानंतर तिचे अनेक साचे सोव्हिएत संघाकडे गेले आणि ‘नोवो’ या नावाने तेच संच पुन्हा बाजारात आले. शीतयुद्धाच्या काळातही पोलादी साचा सीमा ओलांडू शकत होता, ही बाब आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे.

भारतात या छंदाचा प्रसार मर्यादित राहिला. १९९१ पूर्वीच्या आयात-निर्बंधांमुळे परदेशी संच सहज मिळत नसत आणि मिळाले तरी त्यांची किंमत मध्यमवर्गालाही परवडणारी नसे. मात्र पुढे एक उलट प्रवास घडला. एअरफिक्स २००६ मध्ये हॉर्नबी या कंपनीच्या मालकीची झाली आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत तिच्या अनेक पेट्यांवर ‘भारतात निर्मित’ असा उल्लेख आढळू लागला. ज्या देशातील मुलांना हे खेळणे सहसा मिळाले नाही, त्या देशातील कामगारांच्या हातून ते काही काळ जगभर गेले. मुंबईत विकत घेतलेला, असाच उल्लेख असलेला स्पिटफायरचा एक संच प्रस्तुत लेखिकेने वर्गात नेला होता.

२. वर्गातील एक प्रसंग

दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे, एवढाच तो संच वर्गात नेण्यामागे हेतू होता. झाकणावरील चित्र दाखवून ब्रिटनच्या लढाईची माहिती देण्याचे टिपण तयार होते. पेटी विद्यार्थ्यांच्या हातोहात फिरू लागली. मागच्या बाकावरील तलासरी तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विमानाच्या भागांकडे न पाहता त्यांना जोडणारी चौकट उचलली, उलटी केली आणि म्हणाला, “मॅडम, हा रनर आहे. आमच्याकडे हा परत ग्राइंडरमध्ये टाकतात.”

चौकशी करता असे समजले की, हा विद्यार्थी दोन उन्हाळ्यांच्या सुटीत सीमेपलीकडील उंबरगाव भागातील एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर काम करीत होता. त्यानंतरची वीस मिनिटे तास त्याने घेतला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. यंत्रात वरून प्लॅस्टिकचा दाणा टाकतात. तो तापून पातळ होतो व दाबाने डायमध्ये शिरतो. थंड झाल्यावर डाय उघडते आणि आतल्या पिना वस्तूला बाहेर ढकलतात. पंखाच्या आतील बाजूस दिसणारी लहान गोल वर्तुळे ही त्या पिनांची खूण होय, हे त्याने दाखविले. डायचे दोन अर्धे सरळ रेषेत उघडतात. म्हणून पोकळ वस्तू एकसंध निघत नाही, असेही त्याने सांगितले. विमानाचे धड डावे व उजवे अशा दोन भागांत का दिलेले असते, याचे हेच कारण आहे. भागाच्या कडेला राहिलेली पातळ चकती म्हणजे डाय नीट न बसल्याचे किंवा जुनी झाल्याचे लक्षण, हेही त्याला ठाऊक होते.

हा प्रसंग येथे विस्ताराने नोंदविण्याचे कारण असे की, त्यातून साधनाकडे पाहण्याची दिशाच बदलली. छंद म्हणून प्रतिकृती बनविणारा मनुष्य चौकट टाकून देतो आणि पिनांच्या खुणा भरून, घासून नाहीशा करतो. प्रतिकृती जितकी चांगली तितका तिच्या निर्मितीचा पुरावा कमी, असा हा व्यवहार आहे. त्या विद्यार्थ्याने मात्र नेमका तोच पुरावा वाचला. वस्तू कोणी व कशी घडविली, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न असावयास हवा. तो शिक्षिकेच्या टिपणात नव्हता.

३. पेटीवर नसलेला इतिहास

‘कोणी घडविले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोण वगळले’ हा प्रश्न उभा राहतो. स्पिटफायरचेच उदाहरण घेऊ. आर. जे. मिचेल यांनी रचना केलेले हे विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले आणि पुढे त्याची वीस हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. म्हणजे १:७२ प्रमाणात सुमारे १५.६ सेंटिमीटर. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये व साम्राज्यभर ‘स्पिटफायर निधी’ जमविण्यात आले. एका विमानाची किंमत ठोकळमानाने पाच हजार पौंड ठरविली होती. तेवढी रक्कम देणाऱ्याच्या पसंतीचे नाव विमानावर रंगविले जाई. मोठ्या देणग्यांबद्दल संपूर्ण तुकडीला देणगीदार प्रदेशाचे नाव मिळत असे. १९४१ मध्ये नव्याने उभारलेल्या ब्रिटिश वायुदलाच्या १२२ व्या तुकडीस ‘बॉम्बे’ आणि १३२ व्या तुकडीस ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असे नाव होते. या दोन्ही तुकड्या स्पिटफायर उडवीत. डहाणू त्या वेळी मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे ज्या प्रांताच्या नावाने ही विमाने उडाली, त्याच प्रांताचे आपण रहिवासी होतो.

याच १९४० मध्ये, १७ ऑक्टोबर रोजी, पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. ब्रिटिशांच्या युद्धास माणसांची वा पैशाची मदत करणे अयोग्य आहे, हे जाहीरपणे सांगणे हाच त्या सत्याग्रहाचा आशय होता. एकीकडे युद्धनिधी जमविला जात होता आणि दुसरीकडे तो देऊ नये असे सांगून सत्याग्रही तुरुंगात जात होते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय ‘बॉम्बे’ या नावाचा अर्थ पूर्ण होत नाही.

वैमानिकांच्या बाबतीतही असेच आढळते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात वैमानिक म्हणून गेलेल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान ते उडवीत. जून १९१८ मध्ये जखमी अवस्थेत त्यांचा मृत्यू झाला. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय तुकड्यांनी हरिकेन व स्पिटफायर विमाने वापरली. १९४० मध्ये वायुदलात आलेले, मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख झाले. परंतु जगभर विकल्या गेलेल्या संचांच्या झाकणावर इंग्लिश खाडी, जर्मन विमाने आणि पांढरे सुळके हेच दृश्य प्रामुख्याने दिसते. ब्रह्मदेशाचे जंगल क्वचित दिसते आणि भारतीय वैमानिक त्याहूनही क्वचित.

पंखांवरील वर्तुळाकार चिन्ह हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल सूर्य असल्याने गोंधळ होऊ नये म्हणून आग्नेय आशियाच्या आघाडीवर हा लाल रंग काढून केवळ निळ्या रंगाच्या दोन छटा वापरण्यात आल्या. भारतीय तुकड्यांनीही तेच चिन्ह वापरले. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आले आणि प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ आले. मार्च १९४५ मध्ये वायुदलाच्या नावापुढे लागलेला ‘रॉयल’ हा शब्दही २६ जानेवारी १९५० रोजी गळून पडला. तळहाताएवढ्या प्रतिकृतीवर चिकटवावयाच्या या चिन्हातून साम्राज्य, युद्ध, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक असे चार टप्पे शिकविता येतात.

स्वातंत्र्योत्तर काळातील विमानांचीही हीच स्थिती आहे. फॉलंड नॅट हे चिमुकले लढाऊ विमान ब्रिटिश वायुदलाने लढाईसाठी स्वीकारले नाही. भारताने मात्र ते स्वीकारले, बंगळूरू येथे त्याचे उत्पादन केले आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत ते वापरले. एअरफिक्सने जो नॅटचा संच काढला तो ब्रिटिशांच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा, कसरती करणाऱ्या ‘रेड ॲरोज’ पथकाच्या लाल रंगातील होता. भारताने लढविलेले एक आसनी नॅट मोठ्या कंपन्यांच्या यादीत दीर्घकाळ आले नाही.

एचएफ-२४ मारुतची कथा याहून उद्बोधक आहे. जर्मनीचे फॉके-वुल्फ १९० हे विमान प्रतिकृतीकारांचे अत्यंत आवडते आहे. त्याचे संच जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने काढले. त्याचे रचनाकार कुर्ट टँक १९५० च्या दशकात भारतात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरू येथे मारुत तयार झाले. १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. अशी १४७ विमाने बांधली गेली व १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी कामगिरी बजावली. रचनाकार एकच, परंतु त्याचे जर्मन विमान प्रत्येक दुकानात आणि भारतीय विमान जवळपास कोठेच नाही. डहाणूच्या विद्यार्थ्यांना मारुत पाहावयाचे असल्यास मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ते उभे आहे. प्रतिकृती नसली तरी मूळ विमान लोकलच्या अंतरावर आहे.

मिग-२१ हा या बाबतीत अपवाद म्हणावा लागेल. जगातील अनेक देशांनी ते वापरल्याने त्याचे संच विपुल आहेत व त्यांपैकी अनेकांत भारतीय चिन्हेही मिळतात. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्यात या विमानांचे उत्पादन झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्यास निरोप देण्यात आला आणि महाराष्ट्रात घडलेले हे विमानही आता ‘जुन्या लढाऊ विमानां’च्या यादीत गेले.

४. १९४५ : दोन युद्धे

प्रतिकृती-संचांच्या जगात १९४५ हे वर्ष युद्धसमाप्तीचे वर्ष आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. डहाणू-तलासरीच्या इतिहासात मात्र हेच वर्ष संघर्षाच्या आरंभाचे आहे. तलासरी त्या काळी उंबरगाव तालुक्यात मोडत असे. वारली समाज वेठबिगार व लग्नगडी या प्रथांखाली भरडला जात होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबावे, असे लग्नगडी प्रथेचे स्वरूप होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेत हजारो वारली एकत्र आले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथात या लढ्याचा वृत्तान्त लिहिला आहे.

जपानच्या शरणागतीनंतर अवघ्या अडतीस दिवसांनी हा गोळीबार झाला. लोकशाहीच्या रक्षणासाठी लढलेले म्हणून जे साम्राज्य पेटीच्या झाकणावर दिसते, त्याच साम्राज्याचे पोलीस तलवाड्यात गोळ्या झाडीत होते. स्पिटफायरचा व तलवाड्याच्या गोळीबाराचा थेट संबंध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तथापि एका मेजावर स्पिटफायरची प्रतिकृती आणि तिच्या शेजारी पाचशे पौंड गवताची मजुरी असा आकडा ठेवला असता विद्यार्थ्यास साम्राज्य या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विमानाची देणगी-किंमत पाच हजार पौंड. गवतकापणीच्या हिशेबातही पौंड, परंतु तो वजनाचा. शब्द एकच असून मापे किती भिन्न, हे लक्षात आणून देणे हेच येथे अध्यापनाचे काम होय.

५. हाताने शिकण्याची स्थानिक परंपरा

याच १९४५ मध्ये डहाणू तालुक्यात आणखी एक घटना घडली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग व परदेशी धर्तीची होती. ती ग्रामीण व आदिवासी मुलांना परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंपासून साधने तयार करण्याचा मार्ग या दोघींनी स्वीकारला. महाग साधनाचे तत्त्व घ्यावे, वस्तू मात्र आपल्या भोवतीची असावी, असा या प्रयोगाचा बोध आहे.

प्रतिकृती-संचांबाबत हाच बोध उपयोगी पडतो. परदेशी बनावटीचा संच प्रत्येक विद्यार्थ्यास देणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु प्रमाणबद्धतेचे तत्त्व फुकट आहे. पुठ्ठा, बांबूची कामटी व चिकणमाती यांतून १:७२ प्रमाणात नॅट बनविता येते. त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम नऊ सेंटिमीटर भरतो. त्याच प्रमाणात वारली कुडाचे घर, गवताची गंजी किंवा बैलगाडी बनविता येते. ताडगोळे काढून उरलेल्या फळांची चाके करून गाडी बनविणाऱ्या मुलांना हात कसा चालवावा हे शिकवावे लागत नाही. मोजमाप तेवढे शिकवावे लागते. घर, गंजी आणि विमान एकाच प्रमाणात शेजारी ठेवल्यावर पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेला इतिहास एका दृष्टिक्षेपात येतो.

येथे परिसराच्या औद्योगिक इतिहासाचाही उल्लेख आवश्यक आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. तालुक्यातील उद्योगांसाठी कमाल ५०० एकर क्षेत्राची मर्यादा आली व प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव झाला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, जुलै १९९१ मध्ये, देशाचे नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले. फुगे बनविण्याचा डहाणूचा जुना व्यवसाय टिकून राहिला. परंतु नव्या कारखानदारीची वाढ सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापी या पट्ट्यात झाली. चिकूच्या बागा व जंगल राखण्यासाठी हे निर्बंध मोलाचे ठरले, यात शंका नाही. मात्र त्याच वेळी येथील तरुण पहाटे सीमा ओलांडून मोल्डिंग मशीनवर उभा राहू लागला, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू आहे. मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला रनर ओळखता आला, तो या बाजूमुळे.

६. काही आक्षेप

या साधनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, युद्धाचे उदात्तीकरण होते. हा आक्षेप योग्य आहे. पेटीच्या चित्रात मृत्यू नसतो. म्हणूनच प्रतिकृतीबरोबर तिच्या वैमानिकाचे, तिला पैसा पुरविणाऱ्याचे आणि तिच्या लक्ष्यावर असलेल्या माणसाचे वृत्त सांगणे शिक्षकाने आपले कर्तव्य मानावे. दुसरा आक्षेप प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा. संवेदनशील घोषित झालेल्या तालुक्यात तो दुर्लक्षिता येत नाही. एका वर्गासाठी एकच संच व उर्वरित प्रतिकृती पुठ्ठा-मातीच्या, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे. तिसरा आक्षेप, हा विषय इतिहासाच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असा. विमान अभ्यासक्रमाबाहेरचे असेल. साधनाची चिकित्सा अभ्यासक्रमाबाहेरची असू शकत नाही.

निष्कर्ष

१) प्लॅस्टिक विमान-प्रतिकृती संच हा विमानाविषयीचा जेवढा, तेवढाच तो घडविणाऱ्या समाजाविषयीचा ऐतिहासिक पुरावा आहे.
२) लोकप्रिय संचांत युरोपीय आघाडी व युरोपीय वैमानिक यांना प्राधान्य मिळाले. मुंबईच्या नावाच्या तुकड्या, ब्रह्मदेशात लढलेले भारतीय वैमानिक, एक आसनी नॅट आणि मारुत हे बहुतांशी परिघाबाहेर राहिले.
३) संच कसा घडतो, याचे ज्ञान डहाणू-तलासरीतील कामगार-विद्यार्थ्यांपाशी प्रत्यक्ष अनुभवातून आलेले आहे. इतिहासाच्या वर्गात हे ज्ञान पुरावा म्हणून स्वीकारले पाहिजे.
४) कोसबाडच्या शैक्षणिक परंपरेनुसार प्रमाणबद्ध प्रतिकृतीचे तत्त्व स्थानिक साहित्यातून राबविता येते व जागतिक घटनांची स्थानिक इतिहासाशी सांगड घालता येते.

वर उल्लेखिलेला स्पिटफायर पुढे विद्यार्थ्यांनीच जोडला. रंग देताना पिनांच्या खुणा भराव्यात की ठेवाव्यात, यावर त्यांच्यात मतभेद झाला. अखेरीस एक पंख घासून गुळगुळीत केला आणि दुसरा होता तसा ठेवला. इतिहास विभागाच्या कपाटात आज ते विमान त्याच अवस्थेत आहे. रिकामी चौकट त्याच्या शेजारी ठेवली आहे. ती टाकू नये, अशी त्या विद्यार्थ्याची सूचना होती.